भिंतीतला सा

माझे बाबा विमा कंपनीत अधिकारी आहेत, आणि दर तीन-चार वर्षांनी त्यांची बदली होते. इतक्या बदल्यांनंतर सामान बांधण्याची त्यांची एक पद्धत पक्की झाली आहे: एकसारख्या वस्तू एकत्र. सगळी झाकणं एका खोक्यात, भांडी दुसऱ्या खोक्यात. पडद्यांचे सगळे हूक एका डब्यात. सगळे रिमोट एका जुन्या लोकरी मोज्यात. आणि भिंतीत खुपसायचे जेवढे काळे ठोकळे घरात असतील, ते सगळे एका जाड कापडी पिशवीत. आई म्हणते, ‘‘नशीब, आपण तिघं वेगवेगळ्या आकाराचे आहोत. नाहीतर यांनी आपल्यालाही एकावर एक रचलं असतं.’’

जयपूरला येऊन आम्हाला वर्ष होत आलं तरी ती पिशवी सुटली नव्हती. वैशाली नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, पलंगाच्या पेटीत ती तशीच पडून होती. ज्यांची गरज होती ते दोन-चार ठोकळे हात घालून काढले गेले, बाकीचे आत राहिले. त्या रविवारी सकाळी मात्र आईने पिशवी ओढून काढली आणि दिवाणावर उपडी केली.

‘‘वल्लरी, यातला माझ्या तानपुऱ्याचा चार्जर कुठला?’’

‘‘चार्जर नाही गं, अ‍ॅडॉप्टर. चार्जर बॅटरी भरतो. तुझ्या तानपुऱ्यात...’’

‘‘नाव काही का असेना. संध्याकाळी सहाला मला गायचंय.’’

यात काय पणाला लागलं होतं, ते आधी सांगायला हवं. आई गाते. चांगली गाते, हे मी मुलगी म्हणून म्हणत नाही. इंदूरला असताना तिथल्या मराठी मंडळात ती पहिल्यांदा लोकांसमोर बसली. घरी रियाजाला तिचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा असायचा, लग्नाआधीपासूनचा, लहानशा रेडिओएवढा. पण बाबा म्हणाले, ‘‘हे धूड कशाला न्यायचं? मोबाइलमध्ये तानपुरा असतो की.’’ मग बाबांच्या मोबाइलवर तानपुरा लागला. आई आलापात शिरली, डोळे मिटले, आणि तानपुरा थांबून बाबांची रिंगटोन वाजली. कोणी बाई त्यांना क्रेडिट कार्ड देऊ बघत होती. सभागृह हसलं. आईही हसली. पण त्यानंतर तिने कोणासमोर तोंड उघडलं नाही. भाजी चिरताना गुणगुणायची, बेल वाजली की थांबायची.

इथल्या मंडळात रीत अशी की नव्या कुटुंबाने वर्षाच्या आत एकदा काहीतरी सादर करायचं. आईने बरेच महिने टाळलं, आणि शेवटी एका अटीवर हो म्हणाली: स्टेजवर मोबाइल येणार नाही, तिचा स्वतःचा तानपुरा येईल. मला ती एकदाच, भांडी लावता लावता म्हणाली, ‘‘या वेळी जमलं तर जमलं. नाहीतर मी गाणं घरातच ठेवीन.’’ आणि त्यानंतर तिने तो विषय काढला नव्हता. तानपुरा चालतो आहे ना, हे आधी बघायला हवं होतं. पण घरातल्या इतर वस्तूंसारखा तोही चालतच असणार, असं आम्ही तिघं धरून चाललो होतो.

दिवाणावर आता एक काळी वसाहत पसरली होती. बाबा चष्मा लावून आले.

‘‘बघ, सगळे आहेत. एकही हरवलेला नाही,’’ ते अभिमानाने म्हणाले.

‘‘अहो, पण कुठला कशाचा?’’

बाबांनी दोन-तीन ठोकळे उलटेसुलटे करून पाहिले. एकसारख्या वस्तू एकत्र ठेवल्या की त्या कुणाच्या होत्या हे कळत नाही, ही त्यांच्या पद्धतीतली एकमेव खोट होती.

मी नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले आहे, आणि हातात मल्टिमीटर असला की मला बरं वाटतं. आधी तानपुऱ्याची पाठ पाहिली. जिथे किती व्होल्ट हवेत ते छापलेलं असतं, तो कागद कव्हरच्या चेनने घासून पांढराफटक झाला होता. खाली सेलचा खण होता. त्यात कुठल्यातरी बदलीत सेल तसेच राहून फुटले होते, आणि स्प्रिंगा हिरव्या होऊन गळून पडल्या होत्या. सेलवर चालवण्याचा प्रश्नच नव्हता. पण खणाला सहा घरं होती.

‘‘सहा सेल, प्रत्येकी दीड व्होल्ट. म्हणजे नऊ. याला नऊ व्होल्ट लागतात.’’

‘‘वा!’’ बाबा म्हणाले. त्यांना हिशोबाने सुटणाऱ्या गोष्टी आवडतात.

मी एकेक ठोकळा उचलून बारीक अक्षरं वाचू लागले. पाच व्होल्ट, पाच, पाच. हे सगळे जुने मोबाइल. एकोणीस; मेलेला लॅपटॉप. चोवीस, आजीचं पाय दाबायचं यंत्र. बारा, आणि यावर इंदूरच्या इंटरनेट कंपनीचं नाव.

‘‘बाबा, राउटर आपण इंदूरला कंपनीला परत केला ना?’’

‘‘हो. त्यांचा माणूस आला होता. अ‍ॅडॉप्टरसकट द्या म्हणाला. मी दिला.’’

‘‘कुठला दिलात?’’

‘‘पिशवीतला.’’

आई हळूच दिवाणाच्या कडेवर बसली. ‘‘म्हणजे माझा दिलात.’’

‘‘पिन बसत होती गं,’’ बाबा म्हणाले. ‘‘मी बघितलं होतं. अगदी चपखल बसत होती.’’

‘‘म्हणजे इंदूरला कुणीतरी माझ्या तानपुऱ्याच्या चार्जरवर इंटरनेट बघतंय?’’

‘‘नऊ व्होल्टवर नाही चालणार त्यांचा राउटर,’’ मी म्हणाले.

‘‘तेवढंच समाधान,’’ आई म्हणाली. पण तिने तानपुऱ्याचं कव्हर घडी करायला घेतलं होतं, आणि ती घडी फारच नीट घालत होती. मला ते आवडलं नाही. बाबांनाही नाही. ते म्हणाले, ‘‘मी मोबाइल एअरप्लेन मोडवर...’’ आणि आईने नुसतं वर पाहिलं तसे थांबले.

तेवढ्यात बेल वाजली. तालमीला हरिभाऊ आणि मिहीर आले.

हरिभाऊ मूळचे अमरावतीचे, पण जयपुरात चाळीस वर्षं झाली. हिशेब खात्यातून निवृत्त झाले आणि आता मुलाकडे शहराबाहेर बस्सीला राहतात. तिथून इतक्या लांब मुलाच्या गाडीत स्वतःची पेटी मांडीवर घेऊन ते येतात, कारण मंडळात कोणीही गायलं तरी साथीला हरिभाऊंचीच पेटी असते. हे कुठे लिहिलेलं नाही, पण कोणी मोडलेलंही नाही. हरिभाऊ उत्तम वाजवतात, फक्त गाणाऱ्याच्या थोडं पुढे वाजवतात, आणि गाणाऱ्यापेक्षा मोठ्याने. मिहीर तबलजी. तो सीतापुऱ्याच्या कॉलेजात शिकतो, जन्म इथलाच, मराठी घरात आईशी बोलतो तेवढीच.

‘‘काय बाप्पा, दुकान मांडलंय काय?’’ हरिभाऊंनी दिवाणाकडे बघून विचारलं. त्यांना सगळं सांगितलं. ‘‘एवढंच ना? दोन वायरी घ्या आणि सरळ भिंतीत लावा. आमच्या काळी रेडिओ असाच लावत होतो.’’

‘‘त्या रेडिओच्या पोटातच हा ठोकळा असायचा, हरिभाऊ. तानपुऱ्याचा बाहेर आहे एवढंच. सरळ लावला तर एका क्षणात जळेल.’’

‘‘मतलब, दीदी,’’ मिहीर म्हणाला, ‘‘पंखा तर सीधा चालतो ना? मग ह्याचे काय नखरे?’’

‘‘पंख्याच्या मोटरला भिंतीतली वीज जशी आहे तशीच हवी असते. याच्या पोटातल्या चिपला नको असते.’’ मी हरिभाऊंच्या पेटीकडे बोट दाखवलं. ‘‘हरिभाऊ, तुमचा हात भाता पुढे-मागे, पुढे-मागे करतो. मग सूर तुटक का येत नाही? सलग कसा येतो?’’

हरिभाऊंना असं कोणी विचारलं की ते खुलतात. ‘‘अहो, आत दुसरा भाता असतो ना! बाहेरचा हवा भरतो. मध्ये झडपा असतात, त्या हवेला परत जाऊ देत नाहीत. आतला भाता ती साठवतो आणि सारखी सोडत राहतो. म्हणून सूर सलग.’’

‘‘बस. भिंतीतली वीज म्हणजे तुमचा हात. सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे. शिवाय जोर प्रचंड, दोनशे तीस व्होल्ट. चिपला हवेत नऊ, आणि तेही एकाच दिशेने, सलग. म्हणून मध्ये हा ठोकळा. आधी जोर कमी करतो, मग झडपा लावून दिशा एक करतो, मग आतल्या भात्यात साठवून सारखं सोडतो.’’

‘‘म्हणजे ही छोटी पेटीच आहे,’’ आई म्हणाली. घडी घालायची ती थांबली होती.

‘‘मग सरकार भिंतीतच नऊ व्होल्ट का देत नाही?’’ बाबांनी विचारलं. ‘‘एवढी पिशवी तरी वाचली असती.’’

‘‘कमी जोराने तेवढीच वीज पाठवायची तर प्रवाह खूप मोठा लागतो, बाबा. फ्रिजसाठी मनगटाएवढी जाड तार ओढावी लागेल, आणि तरी ती वाटेतच तापून वीज खाईल. शिवाय कुणाला नऊ, कुणाला बारा, कुणाला पाच. भिंतीला किती भोकं पाडायची?’’

‘‘बरोबर आहे,’’ हरिभाऊ म्हणाले. ‘‘बिसलपूर धरणाच्या पाइपाला तोंड लावून कोणी पाणी पितं का? आधी टाकी, मग नळ, मग पेला.’’ हे त्यांचं वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते मिहीरला हिंदीत पुन्हा सांगितलं.

मिहीर स्कूटर घेऊन आम्रपाली सर्कलपर्यंत जाऊन आला. मोठी दुकानं रविवारमुळे बंद. एका मोबाइलवाल्याने त्याला सांगितलं होतं, ‘‘नौ वोल्ट? भैया, अब कौन लेता है? बारह ले जाओ, चल जाएगा.’’ मिहीरने बारा व्होल्टचा आणला नाही, कांद्याच्या कचोऱ्या आणल्या. त्यात शहाणपण होतं. बारावर तानपुरा चालला असता की जळला असता, हे जळल्यावरच कळलं असतं.

कचोरी खाता खाता मला पिशवीच्या शिवणीत अडकलेला एक ठोकळा हाताला लागला. बाकीच्यांपेक्षा दुप्पट जड. जुना, चौकोनी, विटेसारखा. आमच्या नागपूरच्या बिनतारी फोनचा. अक्षरं वाचली. नऊ व्होल्ट.

‘‘मिळाला!’’ बाबा ओरडले, आणि आईच्या हातातून तानपुरा घ्यायला धावले.

‘‘थांबा! पिन नुसती बसून उपयोग नाही.’’

पिनेला दोन भाग असतात, आतला आणि बाहेरचा. एक धन, एक ऋण. बहुतेक ठिकाणी आतला धन असतो, पण सगळीकडे नाही. मी सेलच्या खणातलं ऋण टोक शोधलं आणि ते भोकाच्या कुठल्या भागाला जोडलं आहे ते मल्टिमीटरने पाहिलं. आतल्या. म्हणजे तानपुऱ्याला आत ऋण हवं होतं, आणि या ठोकळ्याच्या पिनेत आत धन होतं. बरोबर उलट. व्होल्टही मोजले, ते नवाऐवजी बारा-तेरा दिसले. जुन्या ठोकळ्यांचं असं होतं, काही जोडलेलं नसलं की ते जास्त दाखवतात. म्हणून एक छोटा बल्ब लावून पुन्हा मोजले. नऊला आले.

मग कात्री घेतली आणि वायर मधोमध कापली.

‘‘अगंऽऽ!’’ बाबा कळवळले. गेली कित्येक वर्षं त्यांनी तो ठोकळा गावोगाव सांभाळून नेला होता.

दोन्ही तारा सोलल्या, अदलाबदल करून पिळल्या, वेगवेगळ्या टेप गुंडाळल्या. पिन तानपुऱ्यात घातली. ठोकळा भिंतीत. बटण दाबलं.

पहिल्यांदा लाल दिवा लागला. मग पंचम, मग वरचे दोन सा, मग खर्ज. आईने श्वास सोडला. बाबांनी हात जोडले, बहुधा नागपूरच्या फोनला.

आणि मग आम्हा सगळ्यांना ते ऐकू आलं. तानपुऱ्याच्या मागे, न थांबता, घुंऽऽऽ.

‘‘डास पाळलाय काय?’’ हरिभाऊंनी विचारलं.

‘‘मला तर छान वाटतंय. भरदार,’’ बाबा म्हणाले.

‘‘अहो, भरदार काय? माझ्या सा च्या खाली कोणीतरी बेसूर गातंय!’’

मी ठोकळा कानाशी धरला. तोही बारीकसा थरथरत होता, पण खरा आवाज तानपुऱ्याच्या स्पीकरमधून येत होता. ‘‘ठोकळा म्हातारा झालाय. त्यातला साठवणारा भाग वाळलाय.’’

‘‘आतला भाता गळतो,’’ हरिभाऊ म्हणाले.

‘‘अगदी तेच. वीज सलग येण्याऐवजी हिसके देत येतेय. पुढे जाताना एक, मागे येताना एक. सेकंदाला पन्नास फेऱ्या, म्हणजे शंभर हिसके. सेकंदाला शंभर हिसके म्हणजे एक सूर.’’ तो भाग बदलायला काहीच लागत नाही, पण दुकानं उद्या उघडणार होती.

तिघंही एकदम बोलू लागले. मिहीर म्हणाला, तो तबला जोरात वाजवेल. बाबा म्हणाले, ठोकळा उशीत गुंडाळू. हरिभाऊ म्हणाले, ‘‘काही घाबरू नका चारुलताबाई, मी पेटीच्या चार पट्ट्या जास्त दाबीन. तो घुंघाट काय, तानपुराही ऐकू येणार नाही.’’

‘‘तुम्ही सगळे जरा गप्प बसता का?’’ आई म्हणाली.

ती डोळे मिटून ऐकत होती. मग तिने तो घुंघाट गळ्यात घेतला, तोंड मिटून. हुबेहूब. वरच्या सप्तकात तोच सूर पुन्हा घेतला. मग हरिभाऊंची परवानगी न घेता त्यांच्या पेटीवर एक पट्टी दाबली. पांढरी पाच. मानेने नाही म्हटलं. शेजारची काळी चार, तिची नेहमीची. पुन्हा नाही.

‘‘या दोघींच्या मध्ये आहे. पांढरी पाचच्या किंचित वर.’’

मी मनातल्या मनात आकडे मांडले. पांढरी पाच म्हणजे एकशे शहाण्णव. काळी चार दोनशे आठच्या जवळ. शंभराची दुप्पट दोनशे. आईने मल्टिमीटरशिवाय विजेचा सूर मोजला होता. मी तिला ते सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘मग त्यात काय? ऐकू येतंय की.’’

तिने तानपुऱ्याचं बटण पकडलं आणि अगदी केसाएवढं, हळूहळू खाली फिरवायला सुरुवात केली. तानपुरा उतरत गेला. घुंघाट आणि खर्ज जवळ आले तसे एकमेकांशी भांडू लागले. वांव वांव वांव असे झोके ऐकू यायला लागले. झोके लांबत गेले. वांऽव. वांऽऽऽव. मग थांबले.

घुंघाट नाहीसा झाला होता. म्हणजे होता तिथेच होता, पण आता तो खर्जाची तार होता. इतका घट्ट, गोल खर्ज त्या लहानशा डब्यातून मी कधी ऐकला नव्हता.

‘‘बाप रे,’’ मिहीर म्हणाला.

आईने सा लावला. तिच्या नेहमीच्या सा पेक्षा अर्ध्या पट्टीहून थोडा जास्तच खाली, आणि तिचा आवाज त्यावर असा टेकला की जणू ती उंच स्टुलावरून उतरून जमिनीवर मांडी घालून बसली. तिने भूपाचे चार स्वर घेतले. मग थांबून मला विचारलं,

‘‘संध्याकाळी हॉलमध्ये हा सूर बदलेल का गं?’’

‘‘नाही. तिथलीही वीज हीच.’’

‘‘आणि दुसऱ्या गावाला?’’

‘‘सगळ्या देशाचं विजेचं जाळं एकच आहे, आई. सगळ्या मोठ्या वीजकेंद्रांतली यंत्रं एका तालात फिरतात. एखादा कण इकडेतिकडे होतो, पण कानाला कळेल इतकं नाही.’’

‘‘म्हणजे इंदूरला हाच? नागपूरला? आपण होतो त्या सगळ्या घरांमध्ये, भिंतीत हाच सा होता?’’

‘‘हो. चांगले ठोकळे तो ऐकू येऊ देत नाहीत, एवढंच.’’

भिंतीतल्या त्या सॉकेटकडे तिने असं पाहिलं, जणू ओळखीचं कोणीतरी भेटलंय आणि नाव आत्ता आठवतंय. मग तिने पदर खोचला आणि वळली. ‘‘हरिभाऊ.’’

हरिभाऊंनी पेटीवर बोटं ठेवलीच होती. ‘‘हं, बोला. कुठली पट्टी?’’

‘‘पट्टीच नाही हो. दोन पट्ट्यांच्या मधला सूर आहे. तुमच्या पेटीत तो नाही.’’

मिहीर हातोडी घेऊन तबल्याच्या लाकडी गठ्ठ्यांकडे फार लक्षपूर्वक बघू लागला. तबला उतरवता येतो. पेटीच्या आतल्या पितळी पट्ट्या जिथे आहेत तिथेच राहतात.

‘‘मग तुम्ही वर चढा,’’ हरिभाऊ म्हणाले. ‘‘काळी चार घ्या. घुंघाट घुंघाट करू द्या. मी आहे ना.’’

दरवेळी नव्या गावात आई हेच करत आली होती. तिथल्या बायका हळद किती घालतात, हळदीकुंकू कुठल्या वेळी करतात, कोण पुढे बसतं, हे बघायचं आणि त्यात आपण मावायचं. बाबा माझ्याकडे बघत होते. मी खात्रीने सांगते, आम्हा दोघांनाही वाटलं होतं की ती ‘बरं’ म्हणेल.

‘‘नाही हरिभाऊ,’’ आई म्हणाली. ‘‘आज पेटी नको.’’

‘‘नको?’’

‘‘नको.’’

‘‘मी बस्सीहून पेटी घेऊन आलो.’’

‘‘माहीत आहे. म्हणून तुमची माफी मागते. पण नको.’’

हरिभाऊंनी पेटीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. ‘‘या मंडळात मला कोणी नको म्हटलेलं नाही. उलट मी नाही आलो तर कार्यक्रम पुढे ढकलतात.’’

‘‘म्हणूनच विचारते. तुम्ही या मंडळात कधी कोणाचं गाणं ऐकलंय का? वाजवत असताना नाही. नुसतं बसून?’’

हरिभाऊ विचार करू लागले. प्रामाणिक माणूस, खरंच आठवून पाहत होते. मग ते म्हणाले, ‘‘नाही बाप्पा.’’

‘‘मग आज पहिल्या रांगेत बसा. चुकलं तर उद्या तुम्हीच सांगायला हवं. वाजवताना तुम्हाला आमच्या चुका ऐकूच येत नाहीत.’’

‘‘ऐकू येतात,’’ हरिभाऊ म्हणाले, ‘‘म्हणून तर मोठ्याने वाजवतो.’’ आणि स्वतःच खदखदून हसले. मग उरलेली कचोरी उचलून म्हणाले, ‘‘ऐका चारुलताबाई. पहिल्या रांगेत बसतो. पण मध्ये झोप लागली तर तो तुमचा दोष.’’

संध्याकाळी मंडळाच्या हॉलवर जाताना तानपुरा आईने मांडीवर घेतला आणि ठोकळा बाबांनी. मी पिशवी पुढे केली, तर ते म्हणाले, ‘‘पिशवी नको. पिशवीत काय होतं ते बघितलं.’’

हॉल जुना, आणि स्टेजच्या मागच्या भिंतीतलं सॉकेट त्याहून जुनं. असंख्य कार्यक्रमांच्या पिनांनी ते सैल झालेलं. नव्या, हलक्या ठोकळ्याला ते पुरलं असतं. पण आमच्या विटेत तांब्याचं वेटोळं आणि लोखंड होतं. सेकंदाला पन्नासच फेऱ्यांची वीज थेट उतरवायला एवढं जड पोट लागतं; नवे ठोकळे आधी फेऱ्या हजारोंनी वाढवून घेतात. मी हात सोडला की ठोकळा हळूच पुढे झुकायचा, आणि तानपुऱ्याचा लाल दिवा मालवायचा. वर ढकलला की पेटायचा. टेप चिकटत नव्हती, भिंतीचा चुनाच निघून हातात आला. खाली पुस्तकं रचायची तर सॉकेट फार उंचावर होतं.

हर्षालीताई, म्हणजे मंडळाच्या चिटणीस, माइकवर आईचं नाव घेत होत्या.

‘‘हो बाजूला,’’ बाबा म्हणाले. त्यांनी तळहात ठोकळ्याखाली लावला, वर दाबला, आणि भिंतीला टेकून उभे राहिले. ‘‘आता पडत नाही. तिला सांग, सुरू कर.’’

‘‘बाबा, तुम्ही स्टेजवर दिसताय. सगळ्यांना.’’

‘‘दिसू दे.’’

आईने एकदा मागे वळून पाहिलं. इस्त्रीचा झब्बा घालून भिंतीला चिकटलेला आपला नवरा पाहिला, हसू दाबलं, आणि डोळे मिटले.

ती कशी गायली हे मला शब्दांत नीट सांगता येणार नाही, कारण मी अर्धा वेळ लाल दिव्याकडेच बघत होते. तो एकदाही हलला नाही. विलंबितात खर्जाचा सूर स्टेजच्या फळ्यांतून माझ्या पावलांपर्यंत येत होता, आणि आई त्यावर सावकाश चालत होती, कुठेही घाई न करता. पुढच्या रांगेत हरिभाऊ बसले होते. त्यांचा डावा हात मांडीवर नकळत भाता मारत होता, पुढे-मागे, पुढे-मागे. आईने तार सा लावला आणि तो तिथेच धरून ठेवला, तेव्हा तो हात उघडा होऊन थांबला.

गाणं संपलं. मग टाळ्या आल्या. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्या हरिभाऊंच्या. तिथेही ते इतरांच्या थोडे पुढेच होते. मिहीर तबल्यावरून उठून टाळ्या वाजवत होता, मी वाजवत होते. एकटे बाबा वाजवू शकत नव्हते. त्यांचा उजवा हात भिंतीला होता. म्हणून ते डाव्या हाताने स्वतःच्या मांडीवर थापट्या मारत होते, जमेल तितक्या जोरात.

आईने नमस्कार केला, वाकून तानपुऱ्याचं बटण बंद केलं, आणि माइक चालू आहे हे विसरून म्हणाली, ‘‘अहो, सोडा आता.’’

‘‘नक्की बंद केलंस ना?’’ बाबांनी विचारलं, आणि तरीही हात लगेच काढला नाही.